जिदहफ्समधलं रोमन मैदान

यातला एक शब्दही रचलेला नाही. माझ्या मावशींनी, मसूदाखालांनी जसं सांगितलं, तसंच सांगतेय.

१९९५ सालचा ऑगस्ट. बहरीनमधलं जिदहफ्स. दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट.

आणि भर दुपार.

मसूदा आणि तिचा नवरा सिराज, दोघं रत्नागिरीकडचे. सिराज एका आर्किटेक्टच्या ऑफिसात ड्राफ्ट्समन. एकुलती एक मुलगी, इक्रा. शाळेत धावण्यात कायम पहिली. तिला प्रोजेक्ट मिळाला होता, रोमचं जुनं स्टेडियम. सिराजनं हौसेनं पुठ्ठा आणि प्लास्टर आणून मॉडेल करायला घेतलं.

मे महिन्यात इक्राला ताप आला. सलमानियाच्या हॉस्पिटलात शेवटी शेवटी तिला श्वास पुरेना.

ती गेली.

मॉडेल अर्धंच राहिलं.

सिराज मात्र ते सोडेना. दुपारी ऑफिसला सुट्टी झाली की घरी येऊन टेबलाशी बसायचा. कमानीवर कमान चढत होती. मैदानाचं एक टोक सरळ, दुसरं गोल. मसूदा ताट घेऊन नुसती उभी राहायची.

"ह्यात रथ नाय पळायचे," तो एकदा म्हणाला. "बादशहा डोमिशियननं माणसांच्या शर्यतींसाठी बांधलं. पुढं लोकांनी बैठकींवरच घरं उठवली. आज तिथं चौक आहे, पण आकार तोच. मैदान गेलं मसूदा, त्याची जागा नाय बुजली."

मसूदाला पुढचं ऐकवलं नाही.

एका दुपारी लाइट गेली. एसीची घरघर थांबली. घर एकदम गप्प झालं.

आणि मग…

थप… थप… थप…

अनवाणी पावलं. लहान मुलाची.

आवाज टेबलावरून येत होता.

पावलं सरळ गेली… गोल टोकाला वळली… परत आली.

मसूदानं हात मॉडेलवर धरला. तळव्याखालून काहीतरी सरकलं. गरम, ओलसर. कुणीतरी धापा टाकत गेल्यासारखं.

सिराज हसत होता.

"रोज येते," तो हळूच म्हणाला.

दुसऱ्या दिवशी खालच्या मजल्यावरची लीना दारात आली. पुण्याची. आठवड्यापूर्वीच राहायला आलेली.

"वहिनी, राग मानू नका हं. दुपारी माझं बाळ झोपतं. तुमच्या मुलीला जरा सांगाल का, धावू नको म्हणून?"

"आमाला मुलगी नाय," मसूदा कशीबशी म्हणाली.

लीना गोंधळली. "अहो, पण… केवढी दमते ती! धापा खालपर्यंत ऐकू येतात."

मसूदानं दार लावलं आणि तिथंच बसली. त्या धापा तिला ठाऊक होत्या. त्याच ऐकत तिनं हॉस्पिटलात रात्री काढल्या होत्या.

सिराज घरी आला, तशी ती त्याच्यासमोर उभी राहिली.

"पोर दमलीय हो. तिला थांबवा."

"शेवटची रेषा मी मुद्दाम नाय काढली," तो मान खाली घालून म्हणाला. "रेषा आली की शर्यत खलास. मग ती कशाला येईल?"

"तिला श्वास पुरत नाय, इक्राचे अब्बा! किती पळवणार तिला?"

सिराजनं मग लाल पेन उचललं. सरळ टोकाशी रेषा ओढली. ओढताना ढसाढसा रडला.

दोघं वाट बघत बसले.

थप… थप… थप…

मसूदानं रेषेपलीकडे हात पसरले. शाळेच्या स्पोर्ट्स डेला पसरायची, तसेच.

पावलं गोल टोकाकडे गेली…

आणि थांबली.

रेषेपाशी नाही.

वळणावरच.

त्यानंतर काही नाही. धाप नाही, आवाज नाही. संध्याकाळपर्यंत वाट बघून सिराजनं ब्लेडनं रेषा खरवडून काढली. पुढं कितीतरी दुपारी तो कान देऊन बसला. ती परत आली नाही.

सिराजखालू आता नाहीत. खाला गावी असतात. मागच्या ईदला मी त्यांची समजूत घातली, "खाला, सुटली असेल ती."

त्यांनी माझा हात घट्ट धरला.

"सुटली असती तर माझ्या हातात आली असती ना गं? रेषा तर इकडं होती… मग वळणावर ती कुणाला बघून थांबली?"