ओट्यावरचे पेले

कराडात त्या उन्हाळ्यात कंटाळा कुणाला आठवतच नव्हता. येत होता की, भरपूर येत होता! पण ‘झाकण’ लावलं की दुपार कुठे गेली, पत्ता लागायचा नाही.

झाकण म्हणजे कानामागे चिकटवायची टिकली. मेंदूचा जो भाग घडलेलं साठवतो, त्याला ती गप्प बसवते. माणूस हिंडतो, हसतो, जेवतो. टिकली लावण्याआधीचं त्याला सगळं आठवतं, फक्त त्यानंतरचं काही मिनिटभरही टिकत नाही. संध्याकाळी टिकली आपोआप गळते. नियम एकच: घरात एकाने तरी झाकणाशिवाय राहायचं.

शलाकाचे आईबाबा लग्नाला गेले होते. घरी ती, तिचा मावसभाऊ निमिष आणि शेजारची मुक्ता. तिघं पंधरा-सोळाची, नेट बंद, बाहेर मरणाचं ऊन.

“चला, सुटूया,” शलाका म्हणाली. तळहात उलटेसुलटे पडले. आधी मुक्ता सुटली, मग शलाका. राज्य निमिषवर आलं, म्हणजे जागं त्याने राहायचं.

“झोपशील हं, कुंभकर्णा! आणि माझा पंप ओट्यावरच्या कपाटात आहे.” शलाकाला दमा होता.

निमिषने थोडा वेळ कळ काढली. दोघी एकाच विनोदावर पुन्हा पुन्हा खिदळत होत्या. वैताग नुसता! एवढ्यात काय होतंय, असं म्हणून त्यानेही टिकली लावली.

ती गळली तेव्हा मुक्ता आत झोपली होती. शलाका हॉलमध्ये जमिनीवर होती. ओठ निळे, अंग गार.

दोन दिवसांनी झाकणाचे जनक डॉ. कुंटे स्वतः आले. दुःखाचे दिवस आठवायला नकोत, म्हणून नातेवाइकांनी शलाकाच्या आईला सकाळीच टिकली लावली होती.

“ह्याने पंप का नाही दिला हो?” तिने निमिषकडे बघत डॉक्टरांना विचारलं.

डॉक्टरांनी ओट्याकडे बोट केलं. पोलिसांनी कशाला हात लावू दिला नव्हता. पाण्याने भरलेले पेले, एकाला एक लागून, ओटाभर.

“ती घुसमटली की हा पंप आणायला धावायचा, ताई. इथे येईपर्यंत विसरायचा. स्वयंपाकघरात आलोय म्हणजे तहान लागली असेल, असं वाटून पेला भरायचा. तेवढ्यात तिचा आवाज यायचा, की परत धाव.”

“आणि ती?”

“तिला दर वेळी वाटलं असेल, हा आत्ताच पंप आणायला गेलाय.”

आईने फोडलेला हंबरडा शेजाऱ्यांनीही ऐकला. निमिष भिंतीला धरून उभा होता. डॉक्टरांनी त्याच्यापुढे टिकली धरली. “लाव बाळ. हे दिवस निघून जातील.”

“नको. राज्य माझ्यावर आहे.”

डॉक्टर मान खाली घालून निघून गेले. शलाकाच्या आईने डोळे पुसले, ओल्या पदराकडे नवलाने पाहिलं आणि मग निमिषकडे.

“पंप का नाही दिलास रे तिला?”

निमिष तिच्यासमोर बसला आणि पुन्हा पहिल्यापासून सांगू लागला.