काळ्या थरातली कोरी लादी

ओट्याची फरशी मधोमध तडकली होती आणि स्टोव्ह एका अंगाला कलायचा. दुधाचं पातेलं दुसऱ्यांदा उलटलं तेव्हा सुनेनं ठरवलं, आता कामावरूनच एखादी लादी उचलून आणायची. दिवसभर दगडात राबायचं आणि घरात ओटा तडकलेला, याला काही अर्थ आहे का?

तिचं काम दगड उकलायचं. खाणीतून थराथरांचा दगड शेडमध्ये यायचा. तो उभा धरून कडेकडेनं पातळ छिन्नी ठोकत जायची. नीट ठोकलं की दगड शिंपल्यासारखा उघडायचा. एका फाकेवर मासा उठून दिसायचा, दुसरीवर त्याच माशाचा खळगा. माणूस जन्माला यायच्या कितीतरी आधी मेलेला मासा, काटा न् काटा शाबूत. श्रीमंतांच्या दिवाणखान्यात ते मासे भिंतीवर लागायचे. शेडमध्ये नियम एकच होता. मधे काळा थर लागायचा, नासक्या अंड्यासारखा वास मारणारा. त्यातली लादी कोरी निघाली तर दोन्ही फाका जागच्या जागी घणाखाली घालायच्या. घरी न्यायच्या नाहीत, कुणाला द्यायच्या नाहीत.

कॉलेजचे एक सर पोरापोरींना घेऊन यायचे. काळ्या थरावर बोट ठेवून सांगायचे, "याच्या खाली बघा, समुद्र गच्च भरलेला. शिंपले, मासे, गोगलगाई. आता वर बघा. काही नाही. या बोटभर थरात सगळं मेलं. पाणीच नासलं."

"आधी कोण मेलं, सर?" एका पोरीनं विचारलं होतं.

"ते काही हा दगड सांगत नाही," असं म्हणून सर हसले होते.

मुकादम तर नियमाचं कारणही सांगायचा नाही. "फोड म्हटलं की फोडायचं. तुझ्या बापाचं काय जातंय?"

त्या दिवशी मुकादम जेवायला गेलेला आणि लादी उघडली. काळीभोर, कोरी, सपाट, हात फिरवला तर तळहात घसरावा अशी. ओट्याच्या मापाची. सुनेनं एक फाक फोडली, दुसरी गोणपाटात गुंडाळली आणि डोक्यावर घेऊन घरी आली. वास येत होता, पण लादी घासली की जाईल, असं मनाशी म्हणाली.

घरात तिघीच. ती, तिची लहानगी ठकी आणि खाटेला खिळलेली सासू. सासूचे हातपाय गेले होते, जीभ तेवढी शाबूत होती. बाकी सगळं अंथरुणात, आणि ते काढणारी ही.

"माझ्या लेकाला गिळलंस भवाने, आता माझी वाट बघतेस," सासू म्हणायची.

"बघतेय ना. लवकर जा की मग," सून म्हणायची, आणि ओलं फडकं पिळताना मुद्दाम जोरात पिळायची.

लादी ओट्यावर बसली आणि साखरेच्या डब्याला मुंग्या लागायच्या थांबल्या. बरं झालं. मग लादी पुसताना सुनेला कोपऱ्यात बारीक ठिपके दिसले. डोळे किलकिले करून पाहिलं तर मुंग्याच. दगडात रुतलेल्या, पायासकट.

झुरळं गेली. पाल गेली, आणि लादीवर पाल उमटली, शेपटी वळवलेली, पाचही बोटं फाकलेली. उंदीर गेला.

"आई, दगड चित्रं काढतोय!" ठकी टाळ्या वाजवत म्हणाली.

मग एका सकाळी बोका हाकेला आला नाही. तो लादीवर होता. अंगाचं वेटोळं केलेला, मिश्या स्पष्ट, जबडा उघडा. हवा मिळाली नाही की उघडतो तसा.

इथे दुसरी कुणी बाई असती तर घण उचलती. हिनं नाही उचलला. ही लादीकडे बघत उभी राहिली, मग आतल्या खोलीतल्या खाटेकडे बघत उभी राहिली, आणि हिच्या डोक्यात भलतंच शिजायला लागलं.

सुट्टीच्या दिवशी भर दुपारी तिनं ठकीची वेणी घातली. दोन वेण्या, घट्ट. "शिवणवाल्या मावशीकडे जा खेळायला. मी बोलवेपर्यंत घरी पाऊल टाकायचं नाही. कळलं?"

"आणि माझी बाहुली?"

"मावशीकडे चिंध्या आहेत, नवी कर. पळ."

पोर गेलेली डोळ्यांनी पाहिली. मग लादी उचलून सासूच्या खाटेखाली सरकवली, पुढचं दार ओढून घेतलं आणि उंबऱ्यावर बसली. आत काही हाललं नाही. बाहेर ऊन होतं, पण कावळा नाही, माशी नाही. दाराच्या फटीतून तो वास यायला लागला. नासकी अंडी... साचलेलं पाणी...

"सूनबाई," आतून आवाज आला. शिवी नाही, काही नाही. लग्न होऊन आल्यापासून सासूनं तिला असं कधी बोलावलं नव्हतं.

"काय आहे?"

"काळ्या थरातली आणलीस ना? वास ओळखते मी. तुझ्या वयाची असताना मीही दगडच उकलत होते."

सुनेनं दाराला कान लावला.

"माझ्याखाली सरकवलीस..." म्हातारी हसत होती की खोकत होती, कळेना. "मला आधी विचारायचंस गं. तो दगड खाट बघत नाही. तो घरातलं सगळ्यात लहान बघतो. लहान आधी... मग त्याहून मोठं... असंच जातो तो."

मुंगी. झुरळ. पाल. उंदीर. बोका.

"ठकी घरात नाही," ती ओरडली. "मी तिला बाहेर पाठवलंय!"



सून अनवाणी धावली. शिवणवाली मशीनवर बसली होती. पाय न थांबवता म्हणाली, "ती होय? मघाशीच गेली की. बाहुली खाटेखाली राहिली म्हणत होती. आई रागावेल म्हणून मागच्या दारानं जाते म्हणाली."

मागचं दार उघडं होतं. खाटेपाशी बाहुली पडली होती. सुनेनं लादी बाहेर ओढली. बोका कालपेक्षा लहान झाला होता आणि कोपऱ्यात सरकला होता, जागा करून दिल्यासारखा. मधोमध ठकी होती. तेवढ्याशा लादीत सगळी ठकी मावली होती. दोन वेण्या, घट्ट. तोंड उघडं.

सुनेनं घण आणला. डोक्याच्या वर उचलला. आणि तसाच धरून उभी राहिली. कारण दगडाच्या आतून काहीतरी ऐकू येत होतं. फार बारीक. आत ओढलेला श्वास... सोडलेला ऐकूच आला नाही.

"फोड की," सासू खाटेवरून म्हणाली. "फोड. आम्ही फोडायचो."

घण खाली गेला नाही. अजून गेलेला नाही.

शेजारणी म्हणतात, पोर हरवल्यापासून बाई वेडी झाली, दगड मांडीवर घेऊन बसते. घर सोडून जा म्हणतात. लादी आता उंबऱ्याबाहेर निघत नाही, आणि ठकीला टाकून ती जाईल कुठे? घास घशाखाली उतरत नाही. बांगड्या मनगटावरून आपोआप गळतात. साडीला रोज एक निरी जास्त पडते.

सासूचं मात्र बरं चाललंय. पूर्वी दोन घासांवर तोंड फिरवायची, आता ताट पुसून खाते. गाल वर आलेत. आज तर तिनं ताट स्वतःच्या हातानं जवळ ओढलं. मेलेल्या हातानं.

"आणखी वाढ," ती म्हणाली. मग सुनेला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं, बाजारात एखादी गोष्ट हातानं तोलून बघावी तसं. "तू नाही जेवत? माझ्याहून बारीक दिसायला लागलीस."

सुनेनं खाली पाहिलं. मांडीवरच्या लादीत ठकी बोक्याशेजारी, कोपऱ्यात सरकली होती. मधली जागा रिकामी होती.