धुक्यातलं पिवळं घर

उभं आयुष्य चष्म्याच्या दुकानात गेल्यामुळे कुणाला किती दिसतंय, हे तो जिना कसा उतरतो यावरूनच मला कळतं. माझा दोस्त रंगारी दुकानाची पायरी पायाने चाचपून उतरला, तेव्हाच मी ओळखलं. डॉक्टरांनीही तेच सांगितलं. थोडे महिने, मग काळोख. दुकानांच्या पाट्या रंगवून संसार केलेला माणूस. "मोठी शहरं बघायची राहिली रे," एवढंच म्हणाला. मग तो, मी आणि आमचा तिसरा दोस्त मास्तर आठवडाभराच्या सहलीला निघालो.

नियम रंगाऱ्यानेच घातला. अंधुक दिसेल तेवढं तो बघणार, उरलेलं मी सांगायचं. डोळे तपासायचा तक्ता वाचतात तसं, डावीकडून उजवीकडे, पदरचं काही न घालता. मास्तरला 'काय दिसतंय' विचारलं की तो इतिहासात शिरतो, म्हणून त्याला या कामातून वगळलं होतं.

पहिल्या शहरात आम्ही उंच मनोऱ्यावर चढलो. मास्तर गुडघे धरून खालीच बसला. रंगारी दर वळणावर दम खात वर आला, आणि वर बघतो तर धुकं. काचेपलीकडे नुसता पिंजलेला कापूस. त्याने काचेला कपाळ टेकवलं.

"सांग."

माझा जीव तुटला. म्हणालो, समोर एक पिवळं घर आहे.

"पिवळा कुठला?"

"हळदीचा. पावसाने धुतलेला."

मग सुचतच गेलं. हिरवी खिडकी, गच्चीवर लाल काठाची ओली चादर, ती वाळत घालणारी बाई, तिच्या दातांत धरलेला चिमटा. रंगारी इतका खूश झाला की मला खोटं बोलल्याची लाजसुद्धा वाटली नाही.

दुसऱ्या शहरात नदीच्या पुलावर शेंगदाणे खात उभे होतो. मास्तर त्या पुलाचा इतिहास सांगता सांगता थांबला.

"त्या घराचा रंग बघा. हळद नुसती. आणि त्या बाईने दातांत काय धरलंय, चिमटा?"

पलीकडच्या काठावर ते घर होतं. हिरवी खिडकी, लाल काठ, सगळं. मी मास्तरला बाजूला घेऊन विचारलं. मनोऱ्यावरचं त्याला कुणीच काही सांगितलं नव्हतं. पिवळी घरं काय, गावोगावी असतात, अशी मी मनाची समजूत घातली. रंगारी मात्र ओळखीचं माणूस भेटल्यासारखा त्या दिशेला तोंड करून उभा होता.

शेवटच्या शहरात सकाळी हॉटेलच्या खोलीचा पडदा सारला. मध्ये अरुंद गल्ली आणि लगेच ती गच्ची. चादरीचं पाणी टपटपत होतं. बाईने दातांतला चिमटा काढला आणि आमच्याकडे बघून हसली.

"हसली ना?" रंगाऱ्याने विचारलं.

"तुला दिसलं?"

"नाही रे. तुझा श्वास अडकला."

घरी परतल्यावर थोड्याच दिवसांत त्याचे डोळे गेले. त्याच्या गॅलरीसमोर एका गोदामाची कोरी भिंत होती. तिच्यावर एकदा हात साफ करायचाय, असं तो नेहमी म्हणायचा.

त्या भिंतीच्या जागी आता ते पिवळं घर आहे. गल्लीत कुणालाच त्याचं नवल वाटत नाही.

मी रोज संध्याकाळी त्याच्याकडे जातो. तो माझी बाही धरून बसतो आणि मी सांगतो. आता पदरचं काही घालावं लागत नाही.

"खरंच आहे ना रे?" तो मधूनच विचारतो.

"खोट्याच्या कपाळी गोटा," मी म्हणतो आणि तो मनापासून हसतो. त्या हसण्यासाठी मी काहीही करीन.

एक गोष्ट तेवढी सांगत नाही. घालायचं नाही, असा नियम होता. गाळायचं नाही, असं तो म्हणाला नव्हता.

हल्ली बाईच्या शेजारी खुर्चीत एक म्हातारा बसतो. डोळे मिटून, तिची बाही धरून. ती आमच्याकडे बघत त्याला सांगत असते, डावीकडून उजवीकडे.

काल ती बोलता बोलता अडखळली. रंगाऱ्याच्या खांद्याकडे निघालेला माझा हात हवेतच थांबला. मला तो हलवता येईना.

मग तिला सुचलं असावं. तिचे ओठ हलले, आणि माझा हात हळूच त्याच्या खांद्यावर टेकला.