अप्पांचं जुनं पाणी

कोळत्तूरमध्ये मासे पाळणारा कुणीही टाकीतलं सगळं पाणी एकदम बदलत नाही. दर शुक्रवारी तिसरा हिस्सा नळीने काढायचा आणि दोन दिवस पिंपात ठेवून नळाचा वास गेलेलं पाणी तेवढंच भरायचं. अप्पांनी, माझ्या वडिलांनी, हे एकतीस वर्षं केलं. मी जन्मलो त्या दिवशी त्यांनी टाकी मांडली होती. त्या दिवसाचं थेंबभर पाणी अजून हिच्यात आहे असं ते म्हणायचे, आणि आम्ही हसायचो.

चार वाजले की ते वेताची खुर्ची टाकीच्या खिडकीकडच्या कोपऱ्याशी ओढायचे, बोट पाण्यात बुडवायचे. एंजल मासे येऊन बोटाला टोचायचे. लहानपणी मीही करून बघायचो, पण माझं बोट थरथरायचं, मासे पळायचे. मग अप्पा ओल्या हाताने माझं मनगट धरायचे. थरथर थांबायची. तो गारवा अजून आठवतो.

इस्पितळात ते शेवटचं एवढंच बोलले, "पाणी तोडू नकोस."

तोडलं अत्तैने, त्यांच्या सख्ख्या बहिणीने. घरात माणूस गेलं की साठवलेलं पाणी ओतून टाकतात, आमच्यात पद्धतच आहे. मी स्मशानात असताना बायांनी हंडे पालथे केले आणि टाकीही रिकामी केली. मासे नळाच्या पाण्याच्या बादलीत टाकले. मी आलो तेव्हा सगळे उताणे तरंगत होते. सुतकाच्या घरात बोलू नये ते सगळं मी तिला बोललो. मुके जीव मारायची कसली आलीय पद्धत?

अत्तै चढ्या आवाजात बोललीच नाही. "गेलेल्याला तहान असते रे. ओळखीचं पाणी दिसलं की तो थांबतो."

असल्या बडबडीची मला चीड आहे. मला पाणी परत हवं होतं, आणि ते मागच्या गल्लीत होतं. तिथल्या मुनियांडी अण्णाने माशांचा धंदा मांडला तेव्हा अप्पांनीच त्याला विरजण द्यावं तसं दोन तांबे पाणी दिलं होतं. त्याने बादलीभर पाणी, गाळणीतला जुना स्पंज आणि सहा पिल्लं दिली.

"ने तंबी, तुझ्याच बापाचं आहे. यांना उपाशी ठेवू नको. तुझा बाप स्वतःचं जेवण विसरायचा, यांचं नाही."

दुसऱ्याच दिवशी पाणी नितळ झालं. चौथ्या दिवशी, चार वाजता, सहाही मासे खिडकीकडच्या कोपऱ्यात जमले. त्यांनी अप्पांना कधी पाहिलेलं नव्हतं. खाणं मी सकाळी घालत होतो. ऊन असेल म्हणून पडदा लावला. मग टाकीच फिरवून ठेवली. तरी ते खिडकीकडेच जमले. नुसते जमत नव्हते. बोटभर खोलीवर, काहीच नव्हतं तिथे, टोचत होते.

महिन्याच्या विधीला अत्तै आली. चार वाजता तिने ते पाहिलं आणि मोरीतून बादली आणली.

"मी ओतते. तू बाहेर जा."

"थांब," मी म्हणालो आणि त्या कोपऱ्यात बोट बुडवलं.

बोट थरथरत होतं. मासे पांगले.

मग थरथर थांबली. मी थांबवली नव्हती.

मासे परत आले, टोचू लागले. एकतीस वर्षांत पहिल्यांदाच मला इतकं बरं वाटलं. "बघ अत्तै," मी म्हणालो. ती माशांकडे बघत नव्हती. बादली तिने हळूच खाली ठेवली.

मी हात बाहेर काढला. पाण्यात बुडालं होतं फक्त बोट.

मनगट चारी बाजूंनी ओलं होतं.