एक फलाट कमी

चार दिशांच्या गाड्या जिथे बदलतात, त्या स्टेशनवर मी चौकशीच्या खिडकीत बसायचे. स्टेशनचा विस्तार सुरू झाला आणि दर आठवड्याला एखादा जिना बंद व्हायला लागला. प्रवासी राग काढायचे माझ्यावर, जणू कुदळ मीच चालवत होते.

एका दुपारी पिवळं हेल्मेट काखेत धरून एक तरुण आला. बाहेर जायचा रस्ता विचारला. मी सांगितला. पंधरा मिनिटांनी तो पुन्हा माझ्यापुढे, उलट्या बाजूने, शर्टभर सिमेंटची धूळ घेऊन.

"हा रस्ता कोणत्या शहाण्याने आखलाय हो?" मी विचारलं.

त्याचे कान लाल झाले. "...मीच."

मला हसू आवरेना. तोही हसला, आणि — खरं सांगते — त्यानंतरच्या प्रवाशाचा प्रश्न मला दोनदा विचारून घ्यावा लागला.

विस्ताराच्या कामावरचा इंजिनिअर होता तो. मग रोजच यायला लागला. लोक जास्त काय विचारतात, बाण कुठे लावू, अक्षरं केवढी काढू... कामाचे प्रश्न पाच मिनिटांत संपायचे आणि हा अर्धा तास उभा. घरी माझ्या बोलण्यात 'इंजिनिअर' इतक्यांदा आला की आईचे कान टवकारले. एके दिवशी ती थेट स्टेशनवर हजर. मी ओळख करून द्यायच्या आतच तिने त्याला सहा नंबरच्या फलाटावर सोडायला सांगितलं. दोघं तासाभराने परतली. फलाट काही सापडला नव्हता.

"पोरगा रस्ता चुकवतो," आई माझ्या कानात म्हणाली, "पण माझी जड पिशवी एकदाही खाली ठेवली नाही त्याने."

मी हवेतच होते. त्याच आठवड्यात नव्या स्टेशनचा नकाशा भिंतीवर लागला. त्यात माझी खिडकी नव्हती. तिच्या जागी सरकता जिना होता. पाठोपाठ बदलीचा कागद आला — लांबच्या आडगावी, तिकीटघरात. त्याला हे महिनाभर माहीत होतं आणि त्याने अवाक्षर काढलं नव्हतं. मी बोलणंच टाकलं. तो आला की वेळापत्रकात डोकं खुपसायचे. अख्खं वेळापत्रक तोंडपाठ असताना!

माझ्या शेवटच्या दिवशी, ऐन गर्दीत, तो रीतसर रांगेत उभा राहिला. नंबर आल्यावर खाली मान घालून म्हणाला, की खिडकी ठेवावी म्हणून त्याने वरती तीनदा लिहिलं, तीनदा नकार आला, आणि मला सांगायची हिंमत झाली नाही.

"मग आज कशी झाली?"

"मी त्याच गावी बदली मागितली होती... काल मिळाली."

"तिथे एकच फलाट आहे. तुम्ही करणार काय?"

"दुसरा बांधेन," तो म्हणाला. "हळूहळू... घाई नाही मला. तुम्ही — माझ्याशी लग्न कराल?"

मागचे गृहस्थ मघापासून घड्याळ बघत चुळबुळत होते. त्यांनी नेमकं तेव्हाच त्याच्या खांद्यावरून डोकं पुढे काढलं. "बाई, साडेपाचची गेली का?"

"हो," मी म्हणाले. नजर त्याच्यावरच होती.

गृहस्थ कपाळाला हात लावून निघून गेले. साडेपाचची आणखी दहा मिनिटं फलाटावर उभी होती, पण ते सांगायला मी शुद्धीवर होते कुठे?