डाव्या कार्बोरेटरचं पॅकिंग

हे तुम्हाला पटणार नाही. गडचांदुरात सोमाजी मिस्त्रीच्या थापांना मोठं नाव आहे. वाघाला दुचाकीवर मागे बसवून राजुऱ्याच्या फाट्यावर सोडलं, हे मीच सांगत आलो. पण आजची गोष्ट त्यातली नाही. हिला विचारा. ही रुखमा, माझी बायको, तिकडे तांदूळ पाखडत बसली आहे. प्रफुल तिचा धाकटा भाऊ.

प्रफुलला वेगाचं वेड. आधी बैलांचं. त्याच्या जोडीतला डावा बैल, काजळ्या, शंकरपटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत, नावाजलेला. मागच्या हिवाळ्यात पटाच्या मैदानात काजळ्या मध्येच मंदावला, तशी प्रफुलने टोकाला खिळा ठोकलेली काठी, पराणी, त्याच्या पुठ्ठ्यात खुपसली. काढली, पुन्हा खुपसली. बैलाने रेघ पार केली आणि गुडघ्यांवर बसला. तोंडातून लाल फेस आला. आमच्याकडे खाणींची पांढरी धूळ सगळीकडे. त्यावर रक्त फारच लाल दिसतं. बैल पाय झाडत मरत होता तेव्हा प्रफुल गुलाल उधळत होता.

यंदा त्याच मैदानात बैलांनंतर गाड्यांची सरळ शर्यत ठरली. प्रफुलने पाइप जोडून सांगाडा केला, त्याला चार जाड चाकं, मधे दोन सिलिंडरचं जुनं टू-स्ट्रोक इंजिन. सिलिंडर दोन म्हणून कार्बोरेटरही दोन. ते जुळवायचं काम माझं. जुवाखालच्या जोडीसारखंच असतं ते. दोघांनी हवा-पेट्रोल सारखं ओढलं तर ठीक, नाहीतर इंजिन लंगडतं.

उजवा शहाण्यासारखा जुळला. डाव्याचं पॅकिंग, म्हणजे तो आणि इंजिन यांच्यामधली पातळ चकती, सारखी फाटायची. शेवटी प्रफुलने घरून चामड्याचा पट्टा आणला आणि माझ्यासमोर कातरला. काजळ्याच्या गळ्यातल्या घुंगरांचा पट्टा. त्यावर काळं काहीतरी वाळलेलं होतं.

"दुसरं काई नाई का रे?" मी विचारलं.

"चामडं चामडंच असते भाऊजी. तुमी बोल्ट आवळा."

ते पॅकिंग फाटलं नाही. पण उजव्या बाजूचा प्लग चहासारखा तपकिरी निघायचा, निघायला हवा तसा. डावीकडचा ओला आणि लालसर. पेट्रोल सोडणारा जेट बदलला, स्क्रू फिरवून पाहिला. तरी तसाच. एकदा इंजिन बंद केलं, पेट्रोलचा नळही बंद केला, आणि डाव्या कार्बोरेटरच्या तोंडाशी तळवा धरला. हवा आत गेली. मग बाहेर आली. ऊबदार, बैलापुढे ठेवतात त्या भिजवलेल्या ढेपेच्या वासाची.

मी प्रफुलला म्हटलं, या गाडीवर बसू नको. तो पानठेल्यावर सगळ्यांना सांगत सुटला, की भाऊजी म्हातारे झाले, मशीनला भ्यायले. वर गंमत म्हणून तीच जुनी पराणी घरून आणून गाडीच्या सीटमध्ये खुपसली, काढली. इंजिन बंदच होतं. माशी बसल्यावर बैलाचं कातडं थरथरतं, तसा डाव्या बाजूचा पत्रा थरथरला.

रुखमाला हे सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "काई करा, पण माह्या भावाले जित्ता ठेवा."

शर्यत भर दुपारी. पत्र्याच्या झाकणाखाली हात घालून मी शेवटचा स्क्रू फिरवला, डाव्याला पेट्रोल जास्त सोडलं, म्हणजे वेग मरेल. शर्यतीतल्या बाजूच्या गाडीवर गावातलाच चैतू होता. प्रफुलने किक मारली. पहिल्याच किकला इंजिन धरलं. चैतू माझ्याकडे बघून हसला. "मिस्त्री, तुमचं तोंड काऊन पांढरं पडलं?"

निशाण पडलं.

अर्ध्या मैदानात प्रफुलने थ्रॉटल सोडला. मी पाहिलं, त्याचे दोन्ही हात वर होते. गाडीचा वेग वाढतच गेला.

रेघ पार झाली. गाडी डावीकडे फिरली आणि चैतूच्या अंगावर गेली. त्याची मांडी गुडघ्यापर्यंत फाटली. प्रफुल धुळीत फेकला गेला.

गाडी थांबली. मग वळली.

पुढचे पाइप खाली झुकले.

ती त्याच्या छातीवरून गेली. फासळ्यांचा आवाज इंजिनच्या वर ऐकू आला. लोकांनी दगड मारले. ती मागे आली, आणि पुन्हा गेली.

प्रफुलच्या तोंडातून लाल फेस आला. काजळ्या पडला होता तीच जागा. त्याला पालथं केलं तेव्हा पँटच्या मागे बारीक गोल भोकं होती, आणि आत खोल जखमा. खिळ्याच्या. पराणी तेव्हा त्याच्या घरी, कोपऱ्यात उभी होती.

गाडी गुरगुरतच होती. शेवटी मीच धावलो, झाकण फेकलं, डावा कार्बोरेटर तापलेला होता तसाच हाताने उपटला आणि लांब भिरकावला. तेव्हा कुठे इंजिन बंद पडलं.

सुपाचा आवाज थांबला.

"खोटं नका बोलू जी," रुखमा म्हणाली. "त्यानं गाडी काढू नये म्हणून आदल्या दिवशीच तुमी दोन्ही कार्बोरेटर काढून आणले होते. माह्या चुलीमागं, राकेलच्या डब्यात. शर्यतीची सारी दुपार मी तिथंच बसून होती. उजवा नुसता पडला होता. डावा फेस काढून राह्यला होता."