मागची सीट

मिस्त्री त्या रात्री घराबाहेर पडला तो फक्त हेडलाइटचा फोकस बघायला. एवढंच काम. अर्ध्या तासात येतो म्हणून सांगून गेला होता. मघाशी तुम्ही तिघं एका गाडीवर बसून आलात, म्हणून मला त्याची आठवण झाली. हसू नका. आणि तो दरवाजा जरा लोटून घ्या, वारा येतोय.

हा मिस्त्री माझ्या चांगल्या ओळखीतला. एका बाकावर बसून आम्ही दोघं नापास झालोय. जुन्या मोटारसायकलचं काम करावं तर त्यानंच, पण माणूस असा हट्टी की सगळे त्याला 'ओरिजिनल' म्हणायचे. कंपनीनं जे दिलं, ते तसंच पाहिजे. गिऱ्हाईक हौसेनं भारीतला हॉर्न घेऊन आलं, तरी हा विचारणार, कंपनीनं दिला होता का? नाही ना? मग घरी घेऊन जा. जित्याची खोड, दुसरं काय.

एकाच अंगणात मिस्त्रीचं आणि त्याच्या भावाचं अशी दोन घरं होती आणि मागे मिस्त्रीची शेड. थोरला भाऊ, म्हणजे दादा, गिरणीत कामाला. त्याच्याकडे एक काळी मोटारसायकल होती, त्या जुन्या घाटाची, चालवणाऱ्याची सीट वेगळी आणि मागच्याची वेगळी, मडगार्डवर बसवलेली. दादाचा त्या गाडीवर जीव. आणि एक दिवस त्यानं ती अंगणातल्या कोपऱ्यातल्या खोलीत ढकलली, कुलूप घातलं आणि सायकलवरून कामाला जायला लागला. का, ते कुणाला सांगितलं नाही. सख्ख्या भावालासुद्धा ताकास तूर लागू दिली नाही. बारा वर्षं ती गाडी तिथे पडून होती. मग गेल्या साली दादा झोपेतच गेला.

दादाची एकच मुलगी. शिकून हॉस्पिटलच्या लॅबमध्ये लागली. कधी दिवसपाळी, कधी रात्रपाळी, आणि जायला धड बस नाही. ती एक दिवस शेडमध्ये आली आणि म्हणाली, काका, बाबांची गाडी मला करून द्या. मिस्त्रीला स्वतःचं मूल नव्हतं, ही पोर त्याच्या अंगाखांद्यावर वाढलेली. तिनं चंद्र मागितला असता तरी यानं शिडी शोधली असती. त्यानं त्याच दिवशी कुलूप तोडलं.

गाडीची दशा काय सांगू. टायर चिरलेले, वायरी उंदरांनी खाल्लेल्या, टाकीत पेट्रोलची वाळून काकवी झालेली. इंजिन तर असं धरलेलं की किक खालीच जाईना. मिस्त्रीनं प्लग काढला, त्या भोकातून डिझेल आणि ऑइल ओतलं आणि आठवडाभर गाडीला हातसुद्धा लावला नाही. लोखंडाशी मारामारी करायची नसते, त्याला वेळ द्यायचा, हे त्याचं नेहमीचं. आठव्या दिवशी किक हळूच खाली गेली. तेव्हा म्हणे त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मग टाकीत मूठभर नट आणि रॉकेल घालून खळाखळा हलवली, गंज काढला. कार्ब्युरेटर खोलला, वायरिंग नवं केलं, पेंटरकडून टाकीवर सोनेरी रेघा मारून घेतल्या.

एक गोष्ट मात्र त्याला खटकत होती. गाडीची मागची सीट जागेवर नव्हती. नुसतं उघडं मडगार्ड, त्यावर बोल्टची चार भोकं. मागच्या माणसानं पाय ठेवायचे फूटरेस्टही नव्हते, आणि ते नुसते खोललेले नव्हते. ज्या पट्टीवर ते बसतात, ती पट्टीच करवतीनं कापून टाकलेली होती.

त्यानं वहिनीला विचारलं. वहिनी म्हणाली, ते सगळं तुमच्या दादांनीच काढलं. एका रात्री फार उशिरा घरी आले, जेवले नाहीत, बोलले नाहीत, सकाळी उठून करवत घेऊन बसले. मी म्हटलं, अहो, मग मी कुठे बसू? तर म्हणाले, तू बसनं जात जा. पुढे महिनाभर तशीच चालवली आणि मग कुलूप घातलं. खोदून विचारलं की माणूस भरल्या ताटावरून उठायचा, म्हणून मी विचारायचं सोडलं.

आता इथे एखादा शहाणा माणूस थांबला असता. बाबा रे, सख्ख्या भावानं स्वतःच्या लाडक्या गाडीला करवत लावली, काहीतरी असेल. पण ओरिजिनल तो ओरिजिनल. त्याच्या डोळ्यांपुढे ती चार रिकामी भोकं. भंगारबाजारात चार फेऱ्या मारून त्यानं त्याच घाटाची सीट शोधली, खाली दोन स्प्रिंगवाली. पट्टी नवी वेल्ड केली, फूटरेस्ट बसवले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे.

नोव्हेंबरातला मंगळवार होता. रात्रीचे साडेदहा. थंडी पडलेली, चंद्र उगवायला अजून बराच अवकाश. दुसऱ्या दिवशी सकाळी पोर गाडी घेऊन पहिल्यांदा कामावर जाणार होती. सगळी ट्रायल झाली होती, राहिला होता फक्त दिवा, आणि दिव्याची ट्रायल अंधारातच घ्यावी लागते. मिस्त्रीनं अंगणात गाडीवर एकट्यानं बसून समोरच्या भिंतीवर उजेड पाडला, स्क्रू फिरवून बरोबर छातीच्या उंचीखाली आणला आणि निघाला.

गिरणीच्या मागून जुना रस्ता जातो. नवा झाल्यापासून तिकडे कुणी फिरकत नाही. मिस्त्रीला तेच हवं होतं. उजेड रस्त्यावर पाहिजे तिथे पडत होता, इंजिन गोड बोलत होतं. दादा असायला हवा होता, असं त्याच्या मनात आलं.

त्याची एक पद्धत होती. नव्यानं बांधलेलं इंजिन ट्रायलवर काढलं की मध्यावर थांबायचं, बंद करायचं, स्टँडवर लावायचं आणि सगळ्या जोडांवरून बोटं फिरवून ऑइल कुठे गळतंय का ते बघायचं. तसा तो थांबला. जिथे थांबला तिथे जुना बसथांबा होता. पत्र्याचं छप्पर, सिमेंटचा बाक. बस बंद होऊन जमाना झालेला. त्यानं तिकडे बघितलंही नाही. गुडघ्यावर बसून टॉर्चच्या उजेडात जोड तपासले. कुठे थेंब नाही. दोनचार नट आवळले, पाना खिशात टाकला, स्टँड काढला, किक मारली. पहिल्या किकमध्ये सुरू.

गाडी निघाली आणि उजेड झाडांवर गेला.

रस्त्यावर नाही... वर. फांद्यांवर. मिस्त्रीला वाटलं स्क्रू सैल पडला. थांबला, उतरला, दिवा हलवून बघितला. घट्ट होता. उजेडही खाली रस्त्यावर आला होता, जागच्या जागी. तो पुन्हा बसला, गिअर टाकला, चार हात पुढे गेला. आणि पुन्हा उजेड झाडांवर.

गाडी चालवणाऱ्या कुणालाही विचारा. दिवा असा वर कधी जातो? मागे वजन बसलं की.

मिस्त्री तरी स्वतःची समजूत घालत होता. नवे शॉकअब्सॉर्बर असतील, दबत असतील. मग चेन बोलायला लागली. त्यानं ती एका माणसाच्या मापानं ठेवली होती, आणि आता ती ताणलेली वाजत होती. इंजिन दमत होतं. समोर वळण आलं. त्यानं गाडी कलवली... ती कललीच नाही. मागे बसलेला नवखा असला की असंच करतो. वळणावर घाबरून उलट्या बाजूला झुकतो. गाडी त्या बाजूला ओढली गेली, पार रस्त्याच्या कडेला. कसंबसं सावरलं त्यानं.

मागे सीटची स्प्रिंग कुरकुरली. कुणीतरी नीट सावरून बसलं.

थंडीत घामानं भिजला मिस्त्री. मागे वळून बघायची छाती होईना. आरसा नव्हता. कंपनीनं दिला नव्हता, म्हणून यानंही लावला नव्हता. आणि नव्हता तेच बरं, असं तो नंतर मला म्हणाला.

"कोण आहे?" एवढंच त्यानं विचारलं.

...

काही नाही. चेन फक्त.

पळावं तर कुठे? पळायचं वाहनच ते. आणि गाडी सोडून चालत जावं, तर मागे अंधारात ते... काय ते. तो चालवत राहिला. पण घर जवळ यायला लागलं तसं त्याला दुसरंच सुचलं. हे आपण घरी घेऊन चाललोय. उद्या सकाळी याच्या पुढच्या सीटवर आपली पोर बसणार. आपण भ्यालो त्याचं काही नाही. पण ती...

कालव्याच्या पुलावर त्यानं गाडी थांबवली. इंजिन बंद केलं. खिशातून पाना काढला. डोळे मिटले. हो, मिटलेच. त्याला बोल्ट डोळ्यांनी बघायची गरज नव्हती. हात मागे नेला. बोटांना बोल्ट लागला. एक सुटला. दुसरा. मागून काही हललं नाही. तिसरा. पाना दोनदा निसटला. चौथा.

सीट उचलायला त्यानं तळहात वर ठेवला.

गरम होती.

तशा थंडीत. रिकामी सीट. आता कुणीतरी उठून गेल्यासारखी गरम.

कशी फेकली त्याला आठवत नाही. खाली पाण्यात आवाज झाला तेवढा आठवतो. फूटरेस्टही खोलले, तेही पाण्यात. मग किक. उजेड रस्त्यावर पडला. चेन गप्प झाली. गाडी फुलासारखी हलकी चालली. घरापर्यंत उजेड एकदाही वर गेला नाही, आणि मिस्त्रीचा जीव भांड्यात पडला. अंगणात गाडी लावून तो पायरीवर बसला आणि लहान मुलासारखा रडला. दादा का बोलला नाही, ते त्याला तेव्हा कळलं. सांगायचं काय? आणि ऐकणार कोण?

सकाळी पुतणी विचारायला लागली, काका, मागची सीट कुठे गेली? यानं सांगितलं, खराब निघाली, पाण्यानं कुजलेली होती. आणि तशीही तू एकटीच जातेस, कुणाला मागे घ्यायचं नाही, रस्त्यात कुणी हात केला तरी थांबायचं नाही, आणि जुन्या रस्त्यानं तर मुळीच जायचं नाही. शपथ घ्यायला लावली. ती हसली. म्हणाली, ओरिजिनल काकानं गाडी अर्धवट दिली, हे मी गावभर सांगते. गेली ऐटीत. वहिनी दारात उभी राहून डोळे पुसत होती.

महिना चांगला गेला. मिस्त्री पुन्हा धड जेवायला लागला, हसायला लागला. त्यानं ठरवलं, आपल्याला भास झाला असेल, दादाच्या आठवणीनं मन हळवं झालेलं. माणूस स्वतःला समजावण्यात फार हुशार असतो.

मग एका रविवारी संध्याकाळी पुतणी रात्रपाळीला निघाली होती. मिस्त्री शेडच्या दारात बसला होता. तिनं डोक्याला रुमाल बांधता बांधता त्याला हाक मारली.

"काका, रोज पहाटे उठून गाडी पुसता, तुमची माया कळते मला. पण पुसायची तर सगळी पुसा ना. मागची तेवढी जागाच काय पुसता?"

मिस्त्री उठून गाडीजवळ गेला.

आठवडाभर वारा सुटला होता. टाकीवर धूळ, दिव्यावर धूळ, सोनेरी रेघा दिसत नव्हत्या. आणि मागच्या उघड्या मडगार्डवर, त्या चार भोकांच्या मधोमध, काळा रंग लख्ख चमकत होता. कपड्यानं घासून घासून आल्यासारखी चमक. माणूस बसेल एवढीच जागा.

त्यानं त्या महिन्यात गाडीला फडकं लावलेलं नव्हतं.

त्यानं एवढंच विचारलं, "कधीपासून बघतेयस तू हे?"

"पहिल्या दिवसापासून," ती म्हणाली. तिनं किक मारली आणि फाटकाबाहेर वळली.